कोपऱ्यातला खाणारा माणूस

अख्ख्या आदिलाबादेत माझ्याएवढं खरं बोलणारा माणूस नाही, असं मी गेली चाळीस वर्षं सांगत आलो आहे आणि अजून कुणी ते खोटं ठरवलेलं नाही. तहसील कचेरीत छत्तीस वर्षं कारकुनी केली. माझ्या हाताखालून इतक्या मिसली गेल्या, की एकापुढे एक अंथरल्या असत्या तर गावालगतच्या मावल्यापासून पार मंचेरियलपर्यंत माणूस पायाला माती न लावता चालत गेला असता. मिसल म्हणजे फाइल. निजाम गेला, पण त्याचे शब्द आमच्या कचेरीत पेन्शनवर राहिले. मोठमोठे साहेब माझ्या तोंडाला लागायला घाबरायचे. असा मी, फ्लेक्सच्या एका तुकड्यापुढे गप्प झालो. त्याची ही हकीकत.

आधी आमच्या घराण्याचा रंग सांगतो, कारण सगळी भानगड तिथूनच आहे. माझा आजा दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायचा. वारशात द्यायला त्याच्याकडे जमीन नव्हती, म्हणून त्यानं रंग दिला, आणि देताना हात आखडता घेतला नाही. भर दुपारी तो वावरात उभा राहिला की बैल त्यालाच झाडाची सावली समजून जवळ येऊन बसायचे. हे मी पाहिलेलं नाही, पण बैलांनी कधी नाही म्हटलेलं नाही. माझी लेक आज्यावर गेली. तीच उंची, तेच मोठे डोळे, तोच रंग, आणि आज्याला जे कुणी कधी बोलू दिलं नाही ते सगळं बोलणारी जीभ. इंद्रवेल्लीकडच्या एका सरकारी मराठी शाळेत ती समाजशास्त्र शिकवते. रोज सकाळी बसनं जाते, संध्याकाळी बसनं येते.

तिच्यासाठी मंचेरियलचं एक स्थळ आलं होतं. आपल्यातलेच लोक, मुलगा कोळशाच्या खाणीत सर्वेअर. मुलाचे वडील फोनवर म्हणाले, "मुलीचा फोटो पाठवा, म्हणजे रविवारी येतो." लेकीनं मोबाइलमधला एक फोटो मला दिला. शाळेच्या व्हरांड्यात उभी, हातात खडू, हसरी. म्हणाली, "हाच द्या बाबा."

त्याच दिवशी तिनं माझ्या मोबाइलवर आणखी एक फोटो पाठवला. पुस्तकात तो काडेपेटीएवढा छापलेला आहे, वर्गातल्या मागच्या बाकाला दिसत नाही, तेव्हा दरवाजाएवढा फ्लेक्स करून आणा, असं फर्मान. मी तो उघडूनही पाहिला नाही. टपाल खात्यानं पत्र वाचायचं नसतं.

आमच्या गावच्या फोटोवाल्याची गोष्टच वेगळी. त्याच्या दुकानातून आजवर एकही सावळा माणूस बाहेर पडलेला नाही. लग्न, वाढदिवस, निवडणूक, तेरावं, कशाचाही फोटो असो, माणूस गोरा होणारच. स्वतः तो कोळशाशी भाऊबंदकी सांगेल असा, पण दुकानाच्या पाटीवर त्याचा चेहरा पेरूच्या फोडीसारखा गुलाबी. आमच्या भिंतीवर कोटातल्या ज्या साहेबांचा फोटो आहे, ज्यांच्यामुळे आम्ही वावरातून कचेरीत आलो, त्यांचेही गाल कॅलेंडरवाल्यांनी गुलाबी करून ठेवलेत, तिथं आमची काय कथा.

लेकीचा फोटो पाहून तो म्हणाला, "सार, फोटो मस्त आहे. अम्मायी जराशी डल दिसून राह्यली."

मी इकडं तिकडं पाहिलं. मग म्हणालो, "करा थोडी उजळ. पण ओळखू यायला पाहिजे."

"ते सांगा नाही लागत, सार. गोरेपण फोटोसोबतच येते."

मग मी दुसरा फोटो त्याच्या मोबाइलवर ढकलला. "हा शाळेचा. दरवाजाएवढा फ्लेक्स."

"खाली नाव काय टाकू?"

"नाव नको."

"शुभेच्छा?"

"काहीच नको," म्हणून मी समोरच्या हॉटेलात भजी खायला गेलो. या हकीकतीत मी जिथं जिथं चुकलो, तिथं तिथं मी काहीतरी खात होतो. वाचणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं.

लेकीचा फोटो त्यानं लगेच करून दिला. ती त्यात इतकी गोरी, की खडू हातात आहे हे बोटं मोजूनच कळावं. मी तो तिथूनच मंचेरियलला पाठवून दिला. फ्लेक्स आणि लेकीच्या फोटोची कागदावरची प्रत शुक्रवारी दुपारी मिळाली.

फ्लेक्स अंगणात उलगडला, तेव्हा अर्धी गल्ली जमा झाली. म्हणजे समोरचे रिटायर कंडक्टर आणि शेजारची वहिनी. पण ही दोघं मिळून आवाजानं अर्धी गल्ली होतात. फ्लेक्सवर मधोमध एक मुलगी चाललेली. गोरीपान, गालांवर लाली, अंगात गुलाबी फ्रॉक, वह्या छातीशी धरलेल्या. तिच्यामागे गोऱ्या लोकांची ही गर्दी, सगळी काळ्यापांढऱ्या रंगात. एक बाई तोंड फाडून ओरडते आहे. बाजूला एक शिपाई बंदूक घेऊन उभा.

कंडक्टर म्हणाले, "मले विचारा. हिची बस सुटून राह्यली. मागचे ओरडून राह्यले, थांबव, थांबव म्हणून."

"काही बी बोलता भाऊजी," वहिनी म्हणाली. "बस पकडणारी पोरगी अशी चालते काय? नटी आहे ती. लोक सही मांगून राह्यले."

"मंग बंदूकवाला काऊन?"

"नटीला पोलीस नाही लागत?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेला माणूस म्हणून निकाल मी द्यायचा असतो. मी चष्मा नाकावर चढवला आणि म्हणालो, ही अमेरिकेतल्या एका मोठ्या जमीनदाराची एकुलती लेक. तिनं बापाची सगळी जमीन शाळेला देऊन टाकली. मागे येतात ते तिचे भाऊबंद, वाटणी बुडाली म्हणून बोंबलणारे. शिपाई कोर्टाचा, हुकूमनामा बजावायला आलेला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई गं," ती म्हणाली, "पोरीचं मन किती मोठं!" कंडक्टरनी फ्लेक्सला हात जोडले. अशी हकीकत मी उभ्या उभ्या रचू शकतो. त्यात माझा हात धरणारा या जिल्ह्यात नाही.

संध्याकाळी लेक बसमधून उतरून घरी आली. फ्लेक्स बाहेरच्या खोलीत खिळ्यावर लटकवलेला. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून ती समोर उभी राहिली. वहिनी आणि कंडक्टर मला शाबासकी मिळताना पाहायला थांबलेलेच होते.

"बाबा, ही कोण आहे?"

"तूच तर पाठवली."

तिनं मोबाइल काढून मूळ फोटो उघडला आणि फ्लेक्सशेजारी धरला. तोच रस्ता, तीच गर्दी, तोच शिपाई. पण मधली मुलगी काळी होती. आमच्या आज्याइतकी काळी. फ्रॉक पांढरा, परीटघडीचा.

"अमेरिकेत काळ्या पोरांना गोऱ्यांच्या शाळेत बसू देत नव्हते," ती म्हणाली. आवाज वर्गातला. "कोर्टानं सांगितलं, बसू द्या. ही पहिल्या दिवशी शाळेत चालली आहे. एकटी. आणि हे सगळे तिला हाकलायला आलेत. आता सांगा बाबा, हीच गोरी झाली, तर हे लोक काऊन ओरडून राह्यले?"

वहिनी हळूच म्हणाली, "मंग तर फोटोत काहीच नाही राह्यलं."

"हेच तर." लेक खाली बसली. मला वाटलं आता वीज पडणार. पण तिची शिकवायची एक रीत आहे, आणि राग आला की ती आणखीच शिकवते. "फोटो पाहायचा असला तं मधल्या माणसाकडे शेवटी पाहायचं," ती म्हणाली. "आधी कोपरे पाहायचे. मधला माणूस सगळ्यांनाच दिसतो." तिचं बोट मोबाइलच्या काचेवरून सरकू लागलं. ही ओरडणारी बाई, हिच्या गळ्यातली माळ पाहा. ही नटूनथटून आली आहे, जत्रेला यावं तशी. हा शिपाई, याची नजर पाहा. मुलीकडेही नाही, गर्दीकडेही नाही. "माझ्या वर्गातली पोरं पहिले यालाच विचारतील, बंदूक कोणाच्या बाजूनं आहे म्हणून. इंद्रवेल्लीची पोरं आहेत, त्यांच्या आज्यांवर तिथं पोलिसांनी गोळीबार केला होता." मग बोट अगदी उजव्या कोपऱ्यात गेलं. तिथं एक हॅटवाला माणूस होता. फ्लेक्सवर तो माझ्या तळहाताएवढा होता, तरी दुपारभर आम्हा तिघांनाही दिसला नव्हता. त्याचा एक हात तोंडाशी, एक गाल फुगलेला.

"हा ओरडत नाही," लेक म्हणाली. "हसत बी नाही. हा खाऊन राह्यला."

"मंग हा भला माणूस," मी म्हणालो. एवढ्या लोकांत एकाची तरी बाजू घ्यावी, या विचारानं.

"तेच विचारणार आहे मी वर्गात. हा भला का बुरा."

"मले माहीत आहे," स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली.

ती कणकेच्या हातानं उभी होती. हात पुसून आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज झाला आणि तिनं साड्यांच्या तळातून एक फोटो आणला. तो मी ओळखला. चौतीस वर्षांपूर्वी तिच्या बापानं आमच्याकडे पाठवलेला. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. फोटोवाल्यानं ब्रशानं चेहरा पांढरा केला होता आणि ओठ लाल. हा फोटो तिनं कधी भिंतीवर लावू दिला नाही. का, हे मला माहीत होतं, म्हणूनच मी कधी विचारलं नव्हतं.

ती लेकीला म्हणाली, "मले पाहायला आले तेव्हा तुही आजी सगळ्यांसमोर बोलली, 'फोटोतली कुठं आहे? हिला आत न्या अन् तिला आणा.' मी ट्रे घेऊन उभी. माह्या बापाची मान खाली. अन् तुहे बाबा समोर बसून पोहे खाऊन राह्यले होते. दोन प्लेटा खाल्ल्या."

ही गोष्ट मी आजवर शंभरदा सांगितली आहे. माझ्या गोष्टीत मी तिला पाहताक्षणी असा गार झालो की तोंडातून शब्द फुटला नाही. पोह्यांचा उल्लेख माझ्या गोष्टीत नाही. तोंड बंद नव्हतं, भरलेलं होतं.

बायकोनं फ्लेक्सवरच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "हा खाऊन झाल्यावर घरी जाईन. अन् जन्मभर सांगीन, मी तर कोणाला काही बोललो नाही."

कंडक्टरना एकाएकी आठवलं की त्यांच्या म्हशीला पाणी दाखवायचं आहे. त्यांच्याकडे म्हैस नाही. वहिनीही त्या नसलेल्या म्हशीमागे निघून गेली.

तेवढ्यात फ्लेक्सच्या पिशवीतून लेकीला तिचा स्वतःचा फोटो सापडला. तिनं तो आईच्या फोटोशेजारी ठेवला. दोन पांढऱ्या बायका, मध्ये चौतीस वर्षं.

"हा गेला का मंचेरियलला?"

"गेला."

"म्हणजे परवा ते हिला पाहायला येणार. अन् दार मी उघडणार." ती रडली असती तर मी काहीतरी हकीकत सांगून हसवली असती. ती रडली नाही. "आईसारखी ट्रे घेऊन मी नाही उभी राहणार, बाबा. माहा खरा फोटो पाठवा. तुमीच पाठवा, अन् फोन करून सांगा, पहिला खोटा होता म्हणून. नाही आले तं नाही आले."

शनिवारी सकाळी मी फोटोवाल्याकडे गेलो. सांगितलं, जसा होता तसा करून दे. त्यानं कपाळावर हात मारला. "सार, तुमच्याच भल्यासाठी केलं. ब्लॅक अँड व्हाइट आजकाल कोण लावते? मेन कँडिडेटला कलर दिला, फेस दिला. मागच्या पब्लिकला हात नाही लावला."

"मेन कँडिडेटचा फेसच पाहिजे. तिचा."

"खाली माह्या दुकानाचं नाव नाही टाकणार मग. लोक म्हणतील याला फोटो जमत नाही."

तरी त्यानं बटण दाबलं. गुलाबी फ्रॉक गेला, गालांची लाली गेली आणि इतक्या वर्षांपूर्वीची ती मुलगी पडद्यावर परत आली. तो खुर्चीत मागे रेलून बराच वेळ पाहत राहिला. मग दुकानात माझ्याशिवाय कुणी नसतानाही आवाज खाली आणून म्हणाला, "आता समजलं सार, ती बाई काऊन ओरडून राह्यली."

समोरच्या हॉटेलात गरम भजी निघत होती. मी गेलो नाही. हे माझ्यासाठी अवघड काम, पण सर्वात अवघड ते नव्हतं. फोन करायचा होता. मी अकरा कारणं तयार केली. उन्हानं मोबाइल तापून रंग उडाला, हे त्यातलं सर्वात साधं. एकात तर सूर्यग्रहण होतं. खडूवाला खरा फोटो पाठवला, मग नंबर लावला. मुलाच्या वडिलांनी उचलला आणि माझी अकराच्या अकरा कारणं रजेवर गेली.

"पहिला फोटो खोटा होता," मी म्हणालो. "मीच उजळ करायला सांगितला होता. आता पाठवला तो खरा."

पलीकडे खाणीच्या भोंग्यासारखं काहीतरी लांबून ऐकू आलं. "बरं," ते म्हणाले. "घरी विचारून सांगतो."

शनिवारी फोन आला नाही. रविवारी सकाळीही नाही. नवा फ्लेक्स खिळ्यावर लागला होता. जुना फाडायला निघालो, तर लेक म्हणाली, "फाडू नका, दोन्ही नेते वर्गात." घरात कुणी त्या विषयावर बोलत नव्हतं, आणि ज्या घरात मी राहतो तिथं असं घडणं म्हणजे सरकारी दफ्तरात वेळेवर काम होण्यासारखं आहे. दहा वाजता बायकोनं विचारलं, "पोहे भिजवू काय?"

मी लेकीकडे पाहिलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "भिजव. नाही आले तं आपण खाऊ."

साडेअकराला गाडी थांबली. मुलगा, त्याचे आईवडील आणि त्याची आत्या. दार लेकीनं उघडलं. ट्रे तिनं आणला नाही. ट्रे मी आणला. त्यामुळे आत्याबाई जरा गोंधळल्या. सगळे बसले, पाण्याचे पेले फिरले, मंचेरियलचं ऊन जास्त की आदिलाबादचं, यावर दोन्ही बाजूंनी इतकं खोटं बोलणं झालं की मला घरच्यासारखं वाटू लागलं. माझ्या हातात पोह्यांची प्लेट होती. पहिला चमचा तोंडाजवळ आला, आणि आत्याबाई लेकीकडे पाहत, अगदी गोड आवाजात म्हणाल्या,

"पहिल्या फोटोत जराशी उजळ होती, नाही?"

मी बायकोकडे पाहिलं. ती दाराच्या पडद्याला धरून उभी होती आणि लेकीकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. माझ्या हातातल्या चमच्याकडे.

चमचा मी प्लेटमध्ये ठेवला आणि प्लेट खाली ठेवली. "आत्याबाई," मी म्हणालो, "पहिल्या फोटोत ही नव्हतीच. तो माझा खोटेपणा होता, अन् तो मी फोनवर कबूल केला. माझी लेक ही. ज्याला फोटोतली पाहिजे असंल, त्याला मी स्टुडिओचा पत्ता देतो. तिथं लई आहेत."

मुलाचे वडील खाली पाहू लागले. आत्याबाईंनी पदर सावरला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत राहिलं. चौतीस वर्षांपूर्वी सासऱ्याच्या घरातलंही बहुधा टिकटिकत असणार, पण चावण्याच्या आवाजात मला ऐकू आलं नव्हतं. लेक सरळ बसली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा बोलणं संपवून थांबलो होतो आणि पुढे काय होणार ते मला ठाऊक नव्हतं.

मुलगा उठला. मला वाटलं चालला. तो दाराकडे न जाता भिंतीकडे गेला, फ्लेक्सच्या उजव्या कोपऱ्याशी वाकला आणि चष्मा वर करून पाहू लागला.

"हा माणूस काय करून राह्यला?" त्यानं लेकीला विचारलं.

लेकीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा. "तुमी कोपऱ्यापासून पाहता?"

"सर्वेचं काम आहे ना. आमी कोपऱ्यापासूनच मोजतो. मध्यापासून मोजलं तं सगळं चुकते." तो पुन्हा वाकला. "याच्या तोंडात काहीतरी आहे. एवढे लोक त्या पोरीमागं लागले अन् हा खाऊन राह्यला. काय खात असंल?"

लेक उत्तर द्यायला तोंड उघडत होती. पण हे उत्तर देण्याचा हक्क घरात एकाच माणसाचा होता.

"पोहे," मी म्हणालो.

पडद्यामागे बायको हसली. ती इतकी हसली की कंडक्टर त्यांच्या नसलेल्या म्हशीला सोडून अंगणात धावत आले. आणि या सगळ्या हकीकतीत तेवढं एकच मी वाढवून सांगितलेलं नाही.